उत्तर झाकणाऱ्या म्हात्रे मॅडम

म्हात्रे मॅडम जर्नल तपासायला घेत, तेव्हा आधी उत्तरावर तळहात ठेवत. "आता सांग, काय केलंस?" आमची बोबडी वळे. बीएस्सीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलची आमच्या रोह्याच्या कॉलेजातली रीतच तशी होती: सीनियरच्या जर्नलमधली रीडिंग उतरवायची, एखाद्या आकड्यात इकडचे तिकडे करायचे, झाले. उपकरणे कपाटात नवीकोरी आणि आम्ही कँटीनमध्ये.

मॅडम जित्याहून गाडीने यायच्या. मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या, शिकलेल्या पहिल्याच. नोकरी तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला बोलावले तर यायचे. अशी माणसे मान खाली घालून वावरतात. या बाईंनी पहिल्याच दिवशी कपाटे उघडायला लावली. शिपाई म्हणाला, "तपासणीला कमिटी आली की उघडतो." मॅडम म्हणाल्या, "बीएस्सी कमिटीला करायचीय का पोरांना?" आम्हाला त्यांनी एकच नियम सांगितला. "चुकलेलं चालंल. दुसऱ्याचं नाय चालायचं."

पहिल्या वर्षाच्या परीक्षेत लंबकाचा प्रयोग आला. गुरुत्वत्वरणाचे उत्तर सेंटिमीटरमध्ये नऊशे ऐंशीच्या आसपास यावे लागते. साऱ्या बॅचचे तसेच आले. माझे हजाराच्या वर गेले. बाहेरून आलेले परीक्षक हसले, "तुझ्यासाठी पृथ्वी बदलली की काय?" मला रडूच फुटायचे बाकी होते.

मॅडम पुढे आल्या आणि त्यांनी माझे उत्तर झाकले. "मोजून दाखव." मी गोळा सोडला, मोठ्याने "एक" म्हटले आणि तिथेच थांबले. सोडताना शून्य म्हणायला हवे होते. दर वेळी माझा एक झोका कमी भरत होता.

"हिला चूक सापडली. मार्क द्या, सर," मॅडम म्हणाल्या. "आणि आता बाकीच्यांना पण गोळा सोडू द्या."

मग जी दाणादाण उडाली! दोऱ्याची लांबी कुठून कुठवर घ्यायची, हेही कित्येकांना ठाऊक नव्हते; आकडे जुन्या जर्नलमधून पाठ करून आणलेले. प्रिन्सिपल धावत आले. त्यांनी मॅडमना बाजूला घेतले, पण बोलणे आम्हाला ऐकू येत होते.

"निकाल पडला तर पुढच्या वर्षी ॲडमिशन कोण घेईल? सरसकट मार्क द्या, मार्कांच्या यादीवर सही करा."

"नाय करणार, सर. यातली पोरं उद्या डोलवीला पोलादाच्या कंपनीत लागतील. मीटर न बघता मागच्या शिफ्टचा आकडा लिहिला, तर माणूस मरंल."

"तुमच्या तासांचं काय होईल, कळतंय ना?"

"कळतंय. पण सही माझी हाय."

जूनमध्ये मॅडमना बोलावले नाही. बॅचमध्ये कुणाला वाईट वाटले म्हणाल, तर नाव नको. सर्वांत कमी मार्क निडीच्या प्रसादला होते आणि मॅडमच्या नावाने सर्वांत मोठा शंख त्याचाच. माझे डोके फिरले होते, त्याच्यावरही आणि मॅडमवरही. तडक जिते गाठले. मॅडम पडवीत सुकट निवडत बसल्या होत्या.

"एक सही केली असती तर काय बिघडलं असतं, मॅडम?"

"मग तुमच्यासमोर कुठल्या तोंडानं उभी ऱ्हायली असती गो?" त्यांनी सूप बाजूला सारले. "माझं ऱ्हाऊ दे. आता प्रॅक्टिकल कोण घेतंय?"

"कुणीच नाही. कपाटं बंद आहेत."

"आणि तू हितं माझ्यासाठी रडत बसलीस? जा, भांड त्यांच्याशी!"

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितले, प्रिन्सिपलकडे जायचे आहे, कोण येणार? सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी एकटीच गेले.

"आम्हाला प्रॅक्टिकल हवंय, सर."

"शिकवायला माणूस नाही."

"होता. तुम्ही काढलात."

ते खुर्चीतून अर्धे उठले. "आम्हाला म्हणजे कुणाला? मला तर तू एकटीच दिसतेस."

मागे दार वाजले. आत आलेल्या प्रसादने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"मला पण, सर," तो म्हणाला. "मला नाय येत करायला."