फिलसनसाठी भिशीचा पहिला नंबर

मिनियापोलिसच्या आमच्या सोमाली बाजारात आर्दोचं कापडाचं दुकान आणि माझा चहा-समोशांचा गाळा एकमेकांना चिकटून आहेत. तिच्या फिलसनला विद्यापीठात प्रवेश मिळाला हे सगळ्यात आधी मला कळलं, कारण पोरगी धावत आली ती आईचं दुकान ओलांडून थेट माझ्याकडेच शिरली.

"मावशी, घेतलं मला. शहरांच्या अभ्यासाला."

"शहरात तर जन्मापासून राहतेस. त्याचा आणखी कसला अभ्यास?"

ती हसत सुटली. बस कुठून न्यायची, घरं कुठे बांधायची, रस्ता कुणासाठी रुंद करायचा, हे कोण आणि कसं ठरवतं ते शिकायचं, असं एका दमात सांगू लागली. आदल्या वर्षी आमच्या समोरचा रस्ता नव्याने करायचा म्हणून सभा झाली होती. आम्हा बायकांचं म्हणणं इंग्रजीत सांगायला फिलसन गेली, आणि परत आली ती वेगळीच होऊन. तोवर ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. स्वस्तातल्या कॉलेजात दोन वर्षं झाली होती, पण पुढे काय ते तिला सुचत नव्हतं. आता सुचलं होतं.

मदत म्हणून मिळणारे सगळे पैसे धरूनही वर्षाला नऊ हजार डॉलर कमी पडत होते. दोन वर्षांचे अठरा. विद्यापीठ म्हणत होतं, कर्ज घ्या. आर्दो म्हणाली, "व्याज माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. हराम ते हराम."

त्या शुक्रवारी आर्दोचा भाऊ वर्सामे तिच्या दुकानात आला. हा लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो आणि घरच्या प्रत्येक गोष्टीत शेवटचा शब्द आपला असं धरून चालतो. मीही किटली घेऊन जाऊन बसले.

"नर्स हो," तो भाचीला म्हणाला. "पास झालीस की पगार सुरू. हे शहर-बिहर शिकून कोण पैसे देणार?"

"विचारलं मी, मामा. तिथून शिकून गेलेल्या सातआठ जणांना फोन केले."

"अनोळखी माणसांना पगार विचारलास?"

"विचारला. सगळे बोलले. एकाने तर अर्धा तास नुसतं रडगाणं गायलं. तो अजून कॉफीच्या दुकानात आहे." ती पुढे सरकून बसली. "खोटं नाही सांगत. नर्सला ऐंशी हजारांच्या वर मिळतात, आम्हाला सुरुवातीला पंचावन्नच्या आसपास. पण अठरा हजार म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा. मी इथेच, आईजवळ राहिले तर चार वर्षांत फेडून मोकळी होईन. दुसऱ्या गावच्या मोठ्या नावाच्या कॉलेजात गेले असते तर सत्तर हजार झाले असते. ते मीच नको म्हटलं."

वर्सामे चहा ढवळत राहिला. "हिशेब बरा आहे. पण व्याजाचं काय?"

तिने मांडीवरचं पुस्तक मिटलं. मला मात्र राहवलं नाही. पोरीचं बोलणं ऐकून माझंच रक्त सळसळायला लागलं होतं.

आम्हा बाजारातल्या अठरा बायकांची भिशी होती. दरमहा प्रत्येकीने पाचशे घालायचे आणि जिचा नंबर तिने सगळे उचलायचे. नवी फेरी सुरू होणार होती. पहिला नंबर माझा निघाला होता आणि नव्या शेगडीसाठी मी दुकानदाराला शब्द देऊन बसले होते. आर्दोचा नंबर होता चौदावा.

"भिशीचे बरोब्बर नऊ हजारच होतात," मी म्हटलं. "माझा नंबर तू घे, आर्दो. तुझा मला दे."

"आणि तुझी शेगडी?"

"जुनी अजून पेटते."

आर्दोने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. फिलसनने मला अशी मिठी मारली की किटली कलंडता कलंडता वाचली. वर्सामे म्हणाला, "बायकांनी बँक काढली की काय," आणि खिशातून शंभराची नोट काढून भाचीच्या पुस्तकात खुपसली.

पहिलं वर्ष असं निभावलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा कुणाचा नंबर मागायला तोंड नव्हतं, म्हणून ती निम्मेच विषय घेऊन निम्मी फी भरायची, दिवसा औषधं विकायची. दोन वर्षांचं शिक्षण तीन वर्षांवर गेलं. तिच्या बरोबरीच्या मुली नर्स होऊन गाड्या घेऊन फिरायला लागल्या. एकदा वर्सामेने तिला ते ऐकवलंही. "बघते आहे मी, मामा," एवढंच ती म्हणाली आणि उठून गेली. त्या दिवशी तिने माझा चहाही घेतला नाही.

पण पास झाली, आणि शेजारच्या गावाच्या नगरपालिकेत लागली. पगार अठ्ठावन्न हजार. डोक्यावर कुणाचं एका डॉलरचंही व्याज नाही.

तिथली तिची पहिली सभा आमचीच माणसं राहतात त्या वस्तीत होती. आर्दोने दुकान बंद केलं, मी गाळा बंद केला, दोघी पुढच्या रांगेत जाऊन बसलो. फिलसन भिंतीवर वस्तीतल्या नव्या रस्त्याचा नकाशा लावून उभी राहिली, आधी इंग्रजीत बोलली, मग आपल्या भाषेत. चेहरा नुसता उजळलेला. "कुणाला काही विचारायचंय?" असं तिने म्हणताच मागून वर्सामे उठला.

"ट्रक उभा करायला जागा कुठे आहे यात?"

"नाव सांगा आधी, मामा," ती म्हणाली. सभा हसली. त्याने नाव सांगितलं आणि पुढची वीस मिनिटं ट्रकवाल्यांचं दुखणं मांडलं. फिलसन शब्द न् शब्द लिहून घेत होती.