अंबाडीचं सरबत

काल नागपूरच्या एका दुकानात अंबाडीच्या सरबताची बाटली उघडली आणि त्या आंबटगोड वासानं मला थेट सेलूच्या आमच्या स्वयंपाकघरात नेऊन उभं केलं. तेव्हा मी कॉलेजात होते. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं.

आईनं अंबाडीच्या लाल फुलांचं सरबत करून विकायचं मनावर घेतलं होतं. हमरस्त्यावरच्या जाम गावातल्या हॉटेलवाल्यानं पहिल्यांदाच बाटल्या मागितल्या होत्या. टिकावं म्हणून आईनं त्याला लोणच्यासारखी चार दिवस उन्हं दाखवली, आणि ऐन नेण्याच्या दिवशी सरबत फसफसून एकेक बूच उडालं. भिंत लालभडक झाली.

बाबा वैतागले. "काऊन करतं हे सारं? काय भेटते तुले याच्यातून?"

आईनं भिंतीवरचा ओघळ बोटावर घेऊन चाखला. "चव तर जमली! आता उन्हं नाई दाखवायची," ती म्हणाली. मग बाबांकडे वळून हसली. "अन् भेटते काय म्हणता? सकाळी उठावं वाटते मले."

नुकसान झाकायला ती असं बोलतेय, असं मला तेव्हा वाटलं होतं.

नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी अंथरुणातच लोळत पडायचे. आज मात्र उजाडायच्या आधीच जाग आली. रात्री अंबाडीची फुलं भिजत घातली होती.