दिवाण गाडीतून उतरत नाही

मूग गिळून गप्प बसण्यात अभिमनचा हात धरणारा शिरपूर तालुक्यात कोणी नव्हता. शेजाऱ्यानं बांध कोरून नांगर आत घातला तरी हा म्हणे, "ऱ्हाऊ द्या." त्याच्या वाटणीचं बोलणंही देवानं बायकोला, सुंदरबाईला दिलेलं. ती दोघांच्या वतीनं भांडे आणि अभिमन तिच्या मागे उभा राहून मान हलवी. पण व्याह्याच्या दारात बायकोनं जाऊन भांडायची चाल नव्हती, आणि नेमकं तिथंच घोडं अडलं होतं.

त्यांची एकुलती एक लेक प्रमिला अनेर नदीपलीकडे, चोपड्याच्या वाटेवरच्या एका गावात दिली होती. सासरे रुपचंदनाना गावचे पोलीस पाटील. माणूस वाईट नव्हता, पण 'हो' म्हटलं तर पाटीलकी जाईल अशी त्यांना भीती असावी. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी यायचीच. कडुनिंबाला झोका बांधायचा तो तिच्यासाठीच. अभिमन दोन वर्षं आखाजीला गाडी जुंपून गेला आणि दोन्ही वर्षं रिकामी गाडी घेऊन परत आला. पहिल्या वर्षी नाना म्हणाले, कामं आहेत. दुसऱ्या वर्षी म्हणाले, म्हैस व्यायली आहे. म्हशीच्या बाळंतपणाला सून कशाला लागते, हे विचारायला सुंदरबाई तिथं नव्हती. अभिमन म्हणाला, "बरं."

या वर्षी बांगड्या विकणाऱ्या जब्बारभाईकडून प्रमिलाचा निरोप आला. मला धाडणार नाहीतच, पण येताना दिवाणला गाडीत घालून आणा, त्याला तरी एकदा डोळे भरून बघते.

हा निरोप ऐकून सुंदरबाई हातातलं काम टाकून उठली. ती आत जाऊन चुलीपुढे बसली.

दिवाण म्हणजे घरचं कुत्रं. प्रवासाची छपराची बैलगाडी, जिला तिकडे दमणी म्हणतात, ती जुंपली की सगळ्यांच्या आधी टुणकन उडी मारून आत बसायचं आणि तोऱ्यात बाहेर बघायचं, म्हणून ते नाव. प्रमिला त्याच्या पाठीला धरून उभी राहायला शिकलेली नसली तरी त्याच्याशी भांडून मोठी झाली होती. आता दिवाण म्हातारा झाला होता. मागचे पाय आखडलेले, उडी मारायला जाई आणि चाकाशी बसून राही. उचलावं तर त्याची कंबर दुखे आणि तो चावे. चावताना मालकाचाही मुलाहिजा ठेवत नसे, अभिमनच्या मनगटावर त्याची सही होती.

एवढी वाट तो चालणं शक्य नव्हतं. मग अभिमननं गोठ्याच्या जुन्या दाराची लांब फळी काढली, गाडीच्या मागच्या तोंडाला तिरपी टेकवली, आणि स्वतः गाडीत चढून गुळाचा खडा दाखवत दिवाणला बोलावू लागला. बैल गोठ्यात होते. जन्मभर गाडी हाकलेल्या माणसानं बिनबैलाच्या गाडीत मागच्या टोकाला बसू नये, पण लेकीच्या निरोपानं त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. गाडी उलार झाली. जू आभाळाकडे गेलं, मागचं तोंड धाडकन जमिनीला टेकलं, आणि अभिमन फळीवरून घसरत दिवाणच्या पायाशी आला. दिवाणनं त्याच्या हातातला गूळ खाल्ला.

सुंदरबाई दारातून म्हणाली, "कुत्राले शिकाडी ऱ्हायनात का सोता शिकी ऱ्हायनात?"

गाव हसलं. शेजारचा उखर्डू तर रोज तंबाखू मळत तमाशा बघायला येऊ लागला, म्हणून त्यालाच जुवावर बसवलं. तेवढाच भार. अभिमननं घाई सोडली. फळी आधी नुसती जमिनीवर ठेवली, नखं घसरू नयेत म्हणून वर गोणपाट ठोकलं, आणि तिच्यावर भाकरी ठेवू लागला. दिवाण फळीवर जेवायला सरावला. मग एका टोकाखाली एक दगड आला, नंतर दुसरा. मधेच शेळीनं तीन उड्यांत वर जाऊन सगळी भाकरी संपवली. ती बघून दिवाणला काय वाटलं कोण जाणे, त्या दिवशी तो अर्ध्या फळीपर्यंत गेला आणि तिथंच विचार करत उभा राहिला. अभिमन त्याच्या शेजारून चालत, पोटाखाली हात न घालता, नुसता हळू आवाजात बोलत राहायचा. इतकं तो बायकोशीही कधी बोलला नव्हता, असं सुंदरबाईनं नोंदवून ठेवलं.

आखाजीच्या आधीच्या आठवड्यात दिवाण नवरदेवासारखा फळीवरून चढून गाडीत बसला. उतरायची अडचण कोणाला जाणवलीच नाही. उखर्डू जुवावरून उठायचा, अभिमन मागून गाडी दाबून उलार करायचा, तोंड जमिनीला टेकलं की दिवाण उंबरा ओलांडावा तसा बाहेर यायचा.

आखाजीच्या तोंडावर अभिमन निघाला. अनेरच्या कोरड्या वाळूतून बैलांना हाकत दुपारी व्याह्यांच्या दारात पोचला. लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही ही जुनी चाल, त्यामुळे बैल न सोडताच तो ओसरीच्या कडेला टेकला. फळी मात्र गाडीला लावून ठेवली.

रुपचंदनानांनी सुपारी कातरत सांगितलं, "या साले जमाव नही, भाऊ. पुढला साले देखसूत."

अभिमननं मान हलवली. "बरं," तो म्हणाला.

"कुत्राले तरी भेटू द्या तिले," सासू भागाबाई आतून म्हणाली.

प्रमिला पदर सावरत आली. तिला बघून दिवाण उठला, सगळं अंग हलवत फळीपर्यंत आला, खाली वाकून बघितलं आणि कुंईकुंई करत मागे सरला. वरून दिसणारी उतरण त्यानं कधी पाहिलीच नव्हती. मग प्रमिलाच फळीवरून वर गेली. त्याच्या मानेत तोंड घालून ती रडली, सासऱ्यासमोर, भर दुपारी, हमसून हमसून.

"चाल, उतर आते," नाना म्हणाले.

"हाऊ उतरना का मी उतरसू," प्रमिला दिवाणकडे बोट दाखवत म्हणाली.

नानांना हे सोपं वाटलं. तूप लावलेली भाकरी दाखवून झाली, दूध ठेवून झालं. प्रमिलाचा नवरा उचलायला गेला आणि धोतराचा सोगा दिवाणच्या तोंडात ठेवून परत आला. नाना स्वतः काठी घेऊन फळीवर चढले, तेव्हा दिवाण एवढंच गुरगुरला की नाना आले त्याहून लवकर खाली पोचले. गल्ली गोळा झाली. ते मिठाच्या सत्याग्रहाचं साल होतं. गर्दीतून कोणी तरी म्हणालं, "पाटीलना दारम्हा कुत्रानी सत्याग्रह मांडा." सगळे हसले, पण नानांचा चेहरा उतरला. पोलीस पाटलाच्या दारात सत्याग्रह ही बातमी चोपड्याच्या कचेरीत कोणत्या तोंडानं पोचेल, याचा नेम नव्हता.

बैल सोडा आणि गाडी उलार करा, एवढं एकच वाक्य अभिमननं बोलायचं होतं. ते त्याच्या जिभेवर होतं. जन्मभर भीतीनं गप्प बसलेला हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा ठरवून गप्प बसला. हात मांडीखाली घेऊन तो बैलांच्या शेपटांकडे बघत राहिला.

तेवढ्यात भागाबाई एक गाठोडं घेऊन आली आणि ते गाडीत सरकवत म्हणाली, "कुत्राले उशाले ऱ्हाऊ द्या." गाठोड्यातून प्रमिलाच्या हिरव्या लुगड्याचा काठ दिसत होता. नाना बायकोकडे बघत राहिले, मग गर्दीकडे, मग कचेरीच्या दिशेकडे.

"लई जा रे भो," ते गावाबाहेरच्या वाटेकडे हात करत म्हणाले. "दोन्हीले लई जा."

गाव मागे पडेपर्यंत अभिमननं मागे वळून बघितलं नाही. घरी सुंदरबाईनं लेकीला गाडीतच मिठी मारली, आणि बैल सुटल्यावर गाडी उलार करून दिवाणला उतरवलं, तेव्हा प्रमिला फळीवर बसून पोट धरून हसली.

दिवाण पुढच्या थंडीत गेला. अभिमननं त्याला कडुनिंबाखाली पुरलं आणि दोन दिवस जेवला नाही. उन्हाळा लागताच रुपचंदनानांचा निरोप आला: पोरीला आम्हीच आमच्या गाडीनं पोचती करतो, तुम्ही येऊ नका आणि कुत्रं तर मुळीच आणू नका. प्रमिला आली, कडुनिंबाखाली रडली, आखाजी करून सासरी गेली. पुढं कितीतरी वर्षं ती अशी येत राहिली. कुत्रं कसं आहे, असं नाना दर वर्षी विचारायचे, आणि ती सांगायची, बरं आहे.