बाटलेला आरसा

आमच्या मागच्या खोलीत दाराशेजारी एक खिळा आहे. त्याच्यावर ज्येष्ठापासून माघापर्यंत एक निळा शर्ट लटकत होता. शर्ट माझा नव्हता. मी तो धुतला नाही, त्याची घडी केली नाही आणि ज्यांचा होता त्यांना नेऊनही दिला नाही. बायको त्याच्याखालून झाडू फिरवायची आणि काही बोलायची नाही. तिचं न बोलणं म्हणजे काय असतं हे मला पंचवीस वर्षांत चांगलं कळलेलं आहे.

शर्ट माझ्या मित्राचा. वणीत आमच्या घरामागे नाला आहे आणि नाल्यापलीकडे त्यांचं घर. राजूरकडच्या कोळशाच्या खाणीत ते वर्कशॉपमध्ये फिटर होते. मी शाळेत विज्ञान शिकवतो. एकदा संध्याकाळी शाळेच्या मैदानावर पोरांना आकाश दाखवत होतो, तेव्हा हे गृहस्थ मागे येऊन उभे राहिले. गळ्यात घरी केलेली दुर्बीण होती. स्प्रिंकलरच्या पाइपाचे दोन तुकडे, जुन्या भिंगांच्या दोन जोड्या आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी. मी ती डोळ्यांना लावली. शाळेच्या विकतच्या दुर्बिणीपेक्षा तिच्यातून बरं दिसत होतं.

"हे सप्तर्षी," मी पोरांना सांगितलं.

"आमच्याकडे याले बाजलं म्हणते," ते मागून म्हणाले. "म्हातारीचं बाजलं, अन् हे तीन चोर. कवापासून ओढून राह्यले, पण अजून नेता नाई आलं." पोरं हसली. माझे सात ऋषी त्या दिवशी तिथंच संपले.

मग आम्ही ठरवलं की मोठी दुर्बीण करायची आणि तिचा सहा इंची आरसाही स्वतःच घासायचा. हे काम ऐकायला अवघड आहे आणि करायला नुसतं कंटाळवाणं. दोन सारख्या जाड गोल काचा घ्यायच्या. खालची पक्की बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकायचं आणि वरची काच तिच्यावर मागेपुढे घासत राहायची. वरची हळूहळू मधून खोल होते, तो आरसा. खालची तेवढीच फुगते. शेवटी त्या दोघी एकमेकींवर अशा बसतात की त्यांच्या जागी तिसरी चालत नाही. वरची काच मी मागवली होती, खालची त्यांनी आणली होती.

मागच्या खोलीत रेती भरलेला ड्रम ठेवला आणि त्याच्यावर काचा. काच सगळीकडून सारखी घासली जावी म्हणून घासताना ड्रमभोवती फिरावं लागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या भर दुपारी दोन प्रौढ माणसं आळीपाळीने एका ड्रमला फेऱ्या मारत असायची. "सर, तुमी देवाले प्रदक्षिणा घालता, आमी काचेले घालून राह्यलो," ते म्हणायचे. "पाहू कोन पावते ते." काचेचा आवाज करकर असा यायचा. पूड बारीक होत गेली की आवाजही बारीक व्हायचा, नुसतं कुजबुजल्यासारखा.

या कामात एकच भीती असते. जाड पुडीचा एक कण जरी बारीक पुडीत आला तरी काचेवर ओरखडा उठतो. म्हणून स्वच्छतेचे नियम मी केले, आणि नियम करायला मला आवडतं. त्यांनी दाराशी शर्ट काढायचा, कारण शर्टावर खाणीची धूळ. तो खिळ्याला टांगायचा आणि माझं धुतलेलं बनियन घालायचं. हात कोपरापर्यंत धुवायचे, नखं ब्रशने घासायची. "धुतले का?" मी विचारायचो. ते हात पालथे-उताणे करून दाखवायचे. फिटरचे हात, इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक होते, पण मी रोज विचारायचो. कधी दोनदा विचारायचो.

मी स्वतः उघडा असायचो. वैशाख होता, अंगावर फक्त धोतर आणि जानवं. देवाधर्माचं मला फारसं नाही. शाळेच्या कपाटाची किल्ली अडकवायला बरं पडतं म्हणून जानवं घालतो, असं मीच गमतीने सांगायचो.

आणखी एक शब्द सांगायला हवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आमच्या घरात 'बाटणे' हा रोजचा शब्द. ओला चमचा गेला की लोणच्याची बरणी बाटायची, उष्टा हात लागला की दही बाटायचं. आईच्या तोंडातून तो माझ्या तोंडात आला आणि मी तो सरळ कार्बोरंडमला लावला. जाड पूड बारकीत मिसळली की पूड बाटली. मी तसं पहिल्यांदा म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं होतं. त्यांच्या आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हा गावाने त्यांच्याबद्दल हाच शब्द वापरला असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोकं होतं, पण आलं नाही.

पाच आठवड्यांनी घासणं संपलं आणि पॉलिश सुरू झालं. राळ वितळवून तिचा थर खालच्या काचेवर द्यायचा आणि गुलाबी बारीक पुडीने वरची काच चमकवायची. आरशात खिडकी दिसायला लागली, मग आमचे चेहरेही. अशा एका दुपारी मी वाकून कड तपासली, सरळ झालो आणि काच त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोनच हात मारले असतील. करकर असा एक आवाज आला. तो आवाज त्या खोलीत यायला नको होता.

काच उचलली. मध्यापासून थोडा बाजूला, बोटाएवढा लांब ओरखडा.

अशा ओरखड्याने दुर्बिणीतल्या चित्राला काहीच होत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी माझं तोंड सुटलं. "किती वेळा सांगितलं, भाऊ, हात धुवा म्हणून! तुमच्या हातानं आरसा बाटला."

त्यांची नजर माझ्या छातीवर होती, तोंडाकडे नव्हती. मला वाटलं, शरमेने मान खाली घातली आहे. मग त्यांनी आपली खालची काच राळेसकट उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि भर उन्हात माझ्या बनियनवरच निघून गेले. शर्ट खिळ्यालाच राहिला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "काय म्हणालात ते कळलं का तुम्हाला?" तिने विचारलं. मी म्हणालो, काचेबद्दल बोललो मी.

राखी पौर्णिमेला मी जानवं बदललं. जुनं काढून ताम्हणात ठेवलं तर खडखड झालं. किल्ली मी आधीच सोडवली होती. मग वाजलं काय? किल्ली अडकवायची ती गाठ मी उन्हात धरली. ती काळपट आणि कडक झाली होती आणि आत बारीक काहीतरी चमकत होतं. बोटांनी चोळली तर करकर आवाज आला. पहिल्या आठवड्यातली जाड पूड ओल्या सुतात जाऊन बसली होती. आम्ही खोली धुतली, ड्रम धुतला, त्यांची नखं धुतली. तेवढी एक गाठ धुवायचं कुणाला सुचलं नाही, कारण ती पवित्र.

त्याच दिवशी नाला ओलांडून जायला हवं होतं. पाच मिनिटांचा रस्ता. मी म्हटलं, पोळा होऊ दे. मग म्हटलं, दसऱ्याला सोनं द्यायला जाऊ. मग वाटलं, दुर्बीण पुरी करूनच घेऊन जावी, हातात काही असलं की बोलायला सोपं जातं. आरसा मुलामा द्यायला पुण्याला पाठवला. तो तिकडे असतानाच कार्तिकात ते गेले. ड्यूटीवरून आले, जेवले, छातीत दुखतं म्हणाले. मी स्मशानापर्यंत सगळ्यांच्या मागून चाललो आणि सगळ्यांच्या आधी परतलो.

आरसा खोक्यातून आला. मी दुर्बीण जोडली. का जोडली ते मला सांगता येणार नाही. खोलीत दुपारी तो बारीक आवाज यायचा, हात रिकामे असले की जास्तच यायचा. नळी नीट लागली का ते पाहायला मी सकाळी गच्चीवरून नाल्यापलीकडची पाण्याची टाकी धरली. अशा दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, टाकी खाली लोंबकळत होती. नळी जरा घसरली आणि त्यांचंच अंगण समोर आलं. दोरीवर शर्ट वाळत होते. शर्ट आपण खालच्या काठाने अडकवतो, कॉलर आणि बाह्या खाली लोंबतात. पण दुर्बिणीत सगळं उलटं, त्यामुळे शर्ट तेवढे सुलटे झाले होते. चार-पाच शर्ट कॉलर वर करून ताठ उभे होते, दोन्ही हात वर, आणि आत कुणी नाही.

त्याच रविवारी खिळ्यावरचा शर्ट काढला आणि गेलो.

वहिनींनी शर्ट ओळखला, मांडीवर घेतला. "त्यायचे कपडे गोरगरिबायले वाटायचे म्हणून सारे धुऊन ठेवले मी," त्या म्हणाल्या. "म्हटलं, निळा कुठी गेला?" मी सगळं सांगितलं. ओरखडा त्यांच्या हाताने पडला नव्हता, माझ्या जानव्यातून पडला.

"त्यायले मालूम होतं," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी मले सांगतलं. म्हणे, मी पाह्यलं, सराच्या जानव्यातून पडलं. म्या म्हटलं, मंग बोल्ले काहून नाई? तर म्हणे, काय बोलू? तुमच्या जानव्यानं आरसा बाटला म्हणू? तो शब्द माह्या तोंडून नाई निंगाला पायजे." मग म्हणाल्या, "वाट पाहे तुमची. म्हणे, सर हुशार हायेत, त्यायले दिसन. दिसलं का येतीन."

मी खाली पाहत होतो.

"तुमाले कवा समजलं, सर?"

श्रावणात, एवढाच शब्द सांगायचा होता. "परवा," मी म्हणालो. "परवाच समजलं."

त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी मलाच समजावलं. "मंग काई नाई. तुमाले मालूमच नोतं, त तुमी येसान कसे?" आत जाऊन त्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली खालची काच घेऊन आल्या आणि मला दिली. मी चहा घेतला आणि घरी आलो.

आता दोन्ही काचा माझ्याकडे आहेत. आठ-दहा दिवस घासलं तर ओरखडा निघून जाईल. मी घासत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेलो आणि तिकडे पाहायचं नाही असं ठरवूनही नळी वळवली. दोरीवर एकटा निळा शर्ट होता, ताठ उभा, दोन्ही हात वर. "श्रावणात," मी मोठ्याने म्हणालो. पण नाल्यापलीकडे ऐकू जायला तेवढा आवाज पुरत नाही.