विहिरीतला रोल

अण्णांच्या छातीत स्प्रिंग बसवली तेव्हा डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं होतं: विहिरीत बुडी मारायची नाही. माझ्या वडलांना म्हणजे अर्धं आयुष्यच बंद. लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात निम्म्या लोकांना पाठीला डबा बांधून त्यांनीच पोहायला शिकवलं. कुणाची कळशी पडो की मोटार, तळातून काढायला अण्णाच. पण पाण्याखाली ते कसे दिसतात, ते आमच्या घरात कुणी बघितलं नव्हतं.

मला तेच पाहिजे होतं. पुण्याहून मी पाण्यात चालणारा जुना रोलचा कॅमेरा आणला होता. खोटं कशाला बोलू, हट्ट माझाच. अण्णा एवढंच म्हणाले, "तुझ्या आईला कळू देऊ नको." मोटार बघून येतो असं सांगून आम्ही भर दुपारी निघालो. ऊन तेव्हाच सरळ पाण्यात खोलवर जातं.

अण्णांनी बुडी मारली की मागोमाग मी. एका दमात चार फोटो, मग वर. "परत," मी म्हणायची. "डोळे उघडे ठेवा की हो." काय बाई मी तरी!

नवव्या बुडीला ते तळाशी कपार धरून बसले. माझा दम संपला, मी वर आले. ते आलेच नाहीत. बुडबुडेही थांबले. "अण्णा!" मी ओरडले. पाण्याखाली कुणाला ऐकू जातंय? परत खाली जाणार तेवढ्यात ते वर आले. ओठ निळे, एक हात छातीवर. धरून पायरीवर बसवलं.

"आला का चांगला?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"लई भारी," मी म्हणाले आणि सवयीनं रोल पुढं सरकवायचा दांडा ओढला. फोटोंचा आकडा छत्तीसच्या पुढं गेला होता. रोल संपला की दांडा अडतो. हा अडेना. मी डावीकडची, रोल परत गुंडाळायची कळ बघितली. दांडा ओढला की तीही फिरायला पाहिजे. ती ढिम्म. आईच्या धाकानं घाईघाईत रोलचं टोक मी नीट अडकवलंच नव्हतं. एकही फोटो निघाला नव्हता.

"काय झालं गं?"

"काही न्हाय. रोल संपला."

"मग दुसरा घाल की. अजून मारतो बुडी."

हात पुसले, पाठमोरी झाले आणि तोच रोल नीट अडकवला. आता कळ फिरली. सगळाच्या सगळा रोल शिल्लक होता. अण्णा पाण्यात पाय सोडून तयार बसले होते. मी नुसतं "परत" म्हणायचा अवकाश, ते उतरले असते.

"तिथंच बसा. वर बघा." एकच फोटो काढला आणि त्यांना घरी आणलं.

तो फोटो आता बैठकीत आहे. आलेल्या पाहुण्याला अण्णा तो दाखवतात आणि आई चहाला आत गेली की माझ्याकडं बघून म्हणतात, "ह्यो तर वरचा. पाण्यातले पुण्याला धुवायला टाकलेत. पोरगी आणणार हाय."