दोन मुठी कोंडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आईला तर नाहीच. ती जायच्या आदल्या दिवशी तिच्या उशाशी बसले होते, ओठांपर्यंत आलं होतं, पण गिळलं. तुला सांगते, कारण तुझा चेहरा मला दिसत नाही. समोर चेहरा असला की माझी जीभ टाळूला चिकटते, लहानपणापासून. लोक म्हणतात, बाई अबोल आहे. आणि लगेच पुढे म्हणतात — म्हणजे खरी असणार. कमी बोलणारं माणूस खोटं बोलत नाही, असं लोकांना का वाटतं? खोटेपणा करायला बोलावंच लागतं, असं कुठे आहे?

थांब. असं एकदम सांगता येणार नाही. आधी कामाचं सांगते.

नवापूरच्या पुढे एका लहान धरणाखाली मासळीचं बी तयार करायचं केंद्र आहे. नाव लिहीत नाही. मी तिथे अठरा वर्षं आहे. पावसाळा लागला की रोहू-कटल्याच्या माद्यांनी अंडी सोडावीत म्हणून त्यांना सुई टोचतात, गोल हौदात पाणी फिरतं ठेवतात, आणि सकाळी हौदभर अंडी दिसतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी. त्यातून निघतं ते जिरं — खरंच जिऱ्याएवढं, नुसते दोन काळे डोळे आणि एक शेपटी. मी लागले तेव्हा लोक जिरंच न्यायचे. चहाच्या गाळणीएवढ्या वाटीने मापून पिशव्या भरायच्या, तलावात ओतायच्या, आणि जगतील ते आपले. बहुतेक जगत नसत. कुणी त्यांचा विचारही करत नसे. जिरंच ते.

मग उकाई धरणाच्या फुगवट्यात पिंजरे आले. पाण्यावर तरंगणारे, खाली जाळी लावलेले. त्या जाळीतून जिरं निसटून जातं, म्हणून सगळ्यांना बोटाएवढा मासा हवा झाला. त्याला आम्ही बोटुकली म्हणतो. त्यामुळे आमचं काम बदललं. पूर्वी चार दिवसांत माल हातावेगळा व्हायचा, आता तीन-तीन महिने त्याच माशांना हाताने खाऊ घालायचं. भुईमुगाची पेंड आणि तांदळाचा कोंडा, चाळून, सकाळी एकदा, दुपारी एकदा. ते काम माझं होतं. तीन महिने ज्याला हाताने भरवलं ते जिरं राहत नाही. काठावर माझी सावली पडली की ते वर यायचे. तोंडं उघडून, शेकड्यांनी, पाऊस पडावा तसं पाणी वाजवत.

दुसरं काम फळ्याचं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण माझं अक्षर गोल आहे. कुठल्या तळ्यात कोणता मासा, किती दिवसांचा, कधी जाणार, ते फळ्यावर मी लिहायची. त्या फळ्यावर एक शब्द मला नेहमी लिहावा लागायचा — 'उपाशी'.

हे नीट समजून घे, कारण सगळं यावरच आहे. मासा पाठवायचा असला की आदल्या सकाळपासून त्याला खायला द्यायचं नाही. तळ्यात चार काठ्यांना बारीक जाळीची पेटी बांधलेली असते, तिला हापा म्हणतात. त्यात मासे गोळा करून पूर्ण एक दिवस उपाशी ठेवायचे. पोट रिकामं असलं तरच पिशवीतलं पाणी स्वच्छ राहतं. खाल्लेला मासा बंद पिशवीत घाण करतो आणि त्याच घाणीत गुदमरतो. आमचे साहेब शहाद्याकडचे, अहिराणी बोलणारे. प्रत्येक नव्या बाईला पहिल्या दिवशी सांगायचे, "पोट भरेल मासा पिशवीमा मरस." मलाही सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकणार नाही.

आता रमीला.

रमीला माझ्या माहेरची. आम्ही एका पाटीवर शिकलो — एका बाजूला ती लिहायची, दुसऱ्या बाजूला मी. गावातली शाळा चौथीला संपली. पुढे आश्रमशाळा होती, लांब, तिथेच राहायचं. दोघींची नावं दिली होती. प्रवेशाच्या दिवशी तिथल्या मास्तरांनी मला पुढे उभं करून नाव विचारलं आणि मला माझं नावसुद्धा सांगता आलं नाही. मी दाराबाहेर पळाले, आईच्या लुगड्यात तोंड खुपसलं. आई म्हणाली, राहू दे, गुरं आहेत घरी. रमीला गेली. दहावी झाली. तिच्या बापाने तिला घड्याळ घेतलं, पांढऱ्या तबकडीचं. आमच्या गावात बाईच्या मनगटावरचं ते पहिलं घड्याळ. मी कितीदा बघितलं असेल ते! तिला कळू न देता.

रमीलाचं लग्न गावातच झालं. अर्ज लिहायचा असो, साहेबांशी बोलायचं असो, बाया तिला पुढे करायच्या. आमच्या गावाची चांगली जमीन उकाईच्या पाण्याखाली गेलेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिचा बाप काठावर बसून बोट दाखवायचा — तिथे आपली विहीर होती, तिथे मोहाचं झाड. तर रमीलाने दहा बायांचा गट केला, दोन वर्षं चकरा मारल्या, आणि पिंजरे मिळवले. ज्या पाण्याने शेत घेतलं त्याच पाण्यात मासे वाढवायचे, म्हणजे साखर कारखान्याच्या ऊसतोडीला गुजरातेत जायला नको. एवढंच तिला हवं होतं. पोरांना घेऊन पालात राहायला नको. पहिली खेप जगली तर पिंजरे गटाकडे राहणार, नाहीतर दुसऱ्याला देणार, असं कागदावरच होतं.

पहिली खेप न्यायला ती स्वतः आली. दिवाळी होऊन गेली होती. मासे आदल्या सकाळपासून हाप्यात उपाशी होते. फळ्यावर मी लिहिलं होतं — 'हापा तीन, रोहू बोटुकली, उपाशी.'

त्या सकाळी मी काठावर गेले. ते वर आले. माझी सावली ओळखून, तोंडं उघडून. एक दिवस, एक रात्र काही नाही पोटात, आणि पुढे गाडी, मग होडी — उन्हातला प्रवास. आमच्याकडे वाटेला लागणाऱ्याला उपाशी पाठवत नाहीत. भांडण झालेला पाहुणासुद्धा नागलीची भाकर खाऊनच उठतो. त्यात हे रमीलाच्या घरी चाललेले. माझ्या माहेरी. तीन महिने मी वाढवलेले. माझ्या हातून ते असे जाणार?

डब्यात हात घातला. दोन मुठी. पेंड आणि कोंडा. कुणी पाहिलं नाही. पाणी क्षणभर पांढरं झालं आणि लगेच स्वच्छ — एक कण उरला नाही. मला बरं वाटलं. खरं सांगते, खूप बरं वाटलं. तासाभराने त्यांना पिशव्यांत भरलं, ऑक्सिजन सोडला, तोंडं रबराने बांधली. फळ्यावर 'उपाशी' तसंच होतं. गाडी निघताना रमीला पिशव्यांच्या मध्ये बसली होती, एका पिशवीवर हात ठेवून, मूल धरावं तशी.

तुला वाटेल, कबुली हीच. नाही. हे तर मी सांगू शकले असते. दयेने केलं म्हटलं असतं, साहेब ओरडले असते, एखाद्या हंगामाला कामावर घेतलं नसतं. तेवढंच.

पिंजऱ्यांपाशी पिशव्या सोडल्या तेव्हा अर्ध्याहून जास्त मासे पोट वर करून होते. उरलेले दोन दिवसांत गेले.

पिशवी पोचली की ती तशीच बांधलेली पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवायची असते, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत. मग हळूहळू सोडायची. साहेब म्हणाले, बायांनी घाई केली. रमीला म्हणाली, नाही, मी घड्याळ लावून बसले होते. आणि ती असंही म्हणाली की पिशवीतलं पाणी गढूळ होतं, वास मारत होतं, माशांनी खाल्लेलं असावं. ती बरोबर बोलत होती. न पाहता, पाण्याच्या वासावरून तिने माझ्या दोन मुठी ओळखल्या होत्या.

जिल्ह्याहून अधिकारी आले. केंद्राच्या शेडमध्ये सगळे बसले — ते, साहेब, रमीला आणि तिच्या गटातल्या तीन बाया. मी फळ्याजवळ उभी, बोटांना खडू लागलेला. अधिकाऱ्यांनी फळा वाचला. विचारलं, हे कोणी लिहिलं? साहेबांनी माझ्याकडे हात केला. म्हणाले, "हाई बाई खोटं बोलाव नही. तिलेच इचारा."

अधिकारी माझ्याकडे वळले. मासे उपाशी होते का?

एवढाच प्रश्न. बोलायचीसुद्धा गरज नव्हती. मान आडवी हलवली असती तरी पुरे होतं. सगळे थांबले होते. रमीला माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत संशय नव्हता. आशा होती. तिला वाटलं असेल, आपली आहे, आपलं सांगेल.

मी मान वरून खाली हलवली. हो.

मग रमीला बोलली. ती भांडेल याची मी वाट बघत होते — ती ओरडेल, खोटारडी म्हणेल, मग कदाचित मी फुटेन. पण ती हळू आवाजात म्हणाली, "ती हो म्हणते म्हणजे हो असणार. तिला मी लहानपणापासून ओळखते. माझंच घड्याळ चुकलं असेल."

आणि आता ते सांगते, जे मी स्वतःलासुद्धा कधी नीट सांगितलं नाही. भीतीने मान हलवली, असं मी इतकी वर्षं मनात घोकलं. भीती होतीच. पण तिचं ते वाक्य ऐकलं तेव्हा माझ्या छातीत गार वाटलं — उन्हातून येऊन माठाचं पाणी प्यावं तसं. दहावी शिकलेली चुकली. चौथीवाली बरोबर. एवढ्या माणसांसमोर. ती पाटी, तो आश्रमशाळेचा दरवाजा, ते पांढऱ्या तबकडीचं घड्याळ — सगळ्याच्या बदल्यात काहीतरी मला त्या क्षणी मिळालं. किती वेळ टिकलं? ती शेडबाहेर जाईपर्यंत. पण होतं. ते माझं होतं आणि मला गोड लागलं. माशांवरची दया एका सकाळपुरती होती. हे मात्र माझ्यात लहानपणापासून वाढत होतं, आणि त्याला मी कधी उपाशी ठेवलं नव्हतं.

पिंजरे गेले. बाहेरचा ठेकेदार आला. तो आमच्याकडचं बी घेत नाही, ट्रकने पंगस आणि तिलापिया जातीचे मासे आणतो, आधीच वीतभर वाढवलेले. आता सगळीकडे तेच चालतं. आमच्या तळ्यांपैकी दोनच भरलेली असतात, गोल हौदात शेवाळ आहे. साहेब निवृत्त झाले. जाताना नव्या साहेबांना माझ्याबद्दल तेच सांगून गेले, ही बाई खोटं बोलत नाही म्हणून.

गावात बाया रमीलाला म्हणायच्या, दहावी शिकली आणि हिला घड्याळ वाचता येईना. आधी हसून म्हणायच्या, मग न हसता. गट मोडला. त्या वर्षीपासून ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते, बारडोलीकडे. मोठी पोरगी सहावीत होती, धाकट्याला सांभाळायला तिलाही नेलं. पोरगी परत शाळेत गेली नाही. यातलं काहीच मला कुणी येऊन सांगितलं नाही. माहेरी गेले की कानावर पडायचं, आणि मी भाकरी थापत ऐकायची.

यंदा होळीला ती आली होती. नवापूरच्या बाजारात भेटली, ऊस तोडून हात काळे पडलेले. तिनेच हाक मारली. माझ्या पोरांची चौकशी केली, केंद्राचं विचारलं. मासे कसे आहेत गं, म्हणाली. मी म्हटलं, कमी झालेत. तिने पिशवीतून मूठभर भाजक्या डाळ्या काढून माझ्या पदरात घातल्या. म्हणाली, लांब जायचंय तुला, रिकाम्या पोटी जाऊ नको.

मी त्या तिच्यासमोरच खाल्ल्या. सगळ्या.

तिचं मनगट मोकळं होतं. मी बघतेय हे तिने पाहिलं आणि हसली. घड्याळ चालू आहे अजून, म्हणाली, पेटीत ठेवलंय. मला नाही धड वाचता येत ते. पालात राहतो तिथे वेळ सांगायची पाळी आली की मी दुसऱ्यालाच विचारते, आपला काय भरवसा.

मग गाडीची वेळ झाली का बघायला तिने इकडेतिकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "किती वाजले गं?"

मोबाईल काढून मी बघितलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तिला तसं सांगितलं. तिने लगेच विश्वास ठेवला आणि गाडीकडे निघून गेली.