अक्कांनी अंगावर घेतलेली चूक

‘ताटात मीठ कुठं वाढतात?’ माझं कुठलंही डिझाईन समोर आलं की अक्का आधी हेच विचारायच्या. मी निमूटपणे कडेला बोट दाखवायची. ‘मग? मीठ मधोमध वाढलं तर माणूस जेवेल काय? हा फोन नंबर उचल बघू तिथनं.’

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याला स्वतःच्या विद्येचं नावसुद्धा ठाऊक नसतं. ग्राफिक डिझाईनचा कोर्स करून, लॅपटॉप धारवाडभर मिरवून, तीन महिन्यांत एकही काम न मिळाल्यावर मी अक्कांच्या दारात पोचले. धारवाडजवळ रायापूरला घराच्या पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर, त्यावर कानडी आणि मराठी लग्नपत्रिका. यजमान गेल्यापासून त्या खोलीवरच त्यांचं घर चालायचं. मी कोर्समधला एखादा भारी शब्द वापरला की त्या चष्म्यावरून बघायच्या. ‘असू दे की. म्हाताऱ्या माणसाला वाचता येतंय काय ते बघ.’

हुबळीत गोकुळ रोडला मसाल्याचा कारखाना असलेले एक गृहस्थ मुलीची लग्नपत्रिका करायला आले. माझे नमुने त्यांना फार आवडले. ‘लग्न उरकू दे, आमच्या मसाल्याची पाकिटं तुम्हीच करा,’ म्हणाले. मग काय, माझे पाय जमिनीवर राहीनात.

पत्रिकेवरचा गणपती मला मजकुराकडे पाठ करून बसल्यासारखा वाटत होता. मी एका क्लिकवर त्याचं तोंड या बाजूचं त्या बाजूला केलं. पत्रिका देखणी झाली. इतकी देखणी, की अक्कांना न दाखवताच मी ती छापायला पाठवली.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवताना त्यांच्या घरातल्या आजींनी पाहिलं, सोंड उजवीकडे. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे कडक सोवळ्याचा! आजींनी त्या दिवशी जेवण टाकलं. संध्याकाळी गृहस्थ पत्रिकांचे गठ्ठे घेऊन खोलीत हजर.

‘हे कुणी केलं?’

मी उठले. खरंच उठले होते, एवढं तरी तुम्ही माना. अक्कांनी माझ्याकडे न बघता माझा हात खाली ओढला. ‘सुम्मने, गप बस गं,’ असं मला दटावून त्यांना म्हणाल्या, ‘मीच केलं, अण्णा. वय झालं, नजर चुकली.’

आणि मी बसले.

पत्रिका पुन्हा छापून दिल्या. पण लग्नघरात जमलेल्या पाहुण्यांनी गोष्ट धारवाडपासून हुबळीपर्यंत नेली. ‘अक्कांना आता दिसत नाही’ असं एकानं म्हटलं, दहांनी ऐकलं. अक्कांकडची गिऱ्हाइकं आटली. माझी मसाल्याची पाकिटं मात्र दुकानादुकानांत लटकू लागली, आणि त्यांच्या जोरावर हुबळीत माझं स्वतःचं ऑफिस झालं.

एकदा म्हटलं, ‘अक्का, मी त्यांना खरं सांगून टाकते.’

‘सांगून काय मिळवतेस? तुझं नवं काम जाईल, आणि माझं जुनं काही यायचं नाही.’

मला ते पटलं. पटलं कसलं, सोयीचं होतं.

पुढे खोली बंद झाली. अक्का पापड करून विकू लागल्या. दिसत नाही म्हणून जिची कामं गेली, ती बाई पापडाच्या डाळीतला एकेक खडा वेचून काढायची. मी लागतील त्याच्या दुप्पट पापड न्यायची आणि तेवढ्यावर मनाची समजूत घालायची. लाज वाटते आता.

या उन्हाळ्यात अक्का गेल्या. मला आठवड्यानं कळलं. त्यानंतर कुठं मी त्या गृहस्थांसमोर जाऊन बसले आणि म्हणाले, ‘तुमच्या मुलीच्या पत्रिकेवरचा गणपती मी फिरवला होता. अक्कांनी नाही.’

त्यांना आठवायलाच वेळ लागला. मग खो खो हसले. ‘अहो, तेव्हाच सांगायचं की! काम थोडंच काढून घेणार होतो? नवशिक्याच्या हातून चुकायचंच.’ मग जरा ओशाळले. ‘त्या बाईंना उगीच बोललो मी. आता धाकट्याचं लग्न ठरलंय. पत्रिका त्यांनाच करायला सांगा, म्हणावं मी सांगितलंय.’

त्या गेल्या, एवढं बोलायला मी तोंड उघडलं.

‘सांगते,’ मी म्हणाले, आणि उठून बाहेर आले.